निळ्या केबलमधून पोहोचलेला नकार

मित्रांनो, मी एक जुनी निळी केबल आहे. माझा बराचसा देह या घराच्या भिंतींत दडलेला आहे. माझ्या पोटात तांब्याच्या आठ बारीक तारा आहेत, जोडीजोडीने एकमेकींना पीळ घातलेल्या. कारखान्यात त्यांना ओढून ओढून बारीक केले, मग निळे वेष्टन चढवले आणि मला गुंडाळून खोक्यात बसवले. या घरात ते खोके उघडले, तेव्हा कुठे मला उजेड दिसला.

घरच्यांप्रमाणे मीही इथल्या माणसांना आई, बाबा आणि आत्या म्हणते. आई कर्णबधिरांच्या खुणांची भाषा जाणते. दवाखान्यांतून तिला संगणकावर फोन येतात आणि पडद्यावर रुग्णाचे हात पाहून ती डॉक्टरांना त्याचे बोलणे सांगते. पण या घराच्या भिंती जाडजूड. बिनतारी इंटरनेट माडीवरच्या तिच्या खोलीपर्यंत पोहोचता पोहोचता धापा टाकायचे. म्हणून बाबांनी घरभर केबल टाकायचे मनावर घेतले. शिवणकाम करणारी आत्या मदतीला आली.

त्यांनी इतर खोल्या उरकल्या. शेवटी माझे खालचे टोक इंटरनेटच्या डब्याला जोडून मला भिंतीतल्या पाइपातून माडीवर ओढले. एवढ्यात आईच्या संगणकावर फोन वाजला.

पडद्यावर बाळंत होऊ घातलेली एक बाई होती. तिला कळा येत होत्या. उजव्या हाताला सलाईन लावलेले, त्यामुळे तिला लिहिता येत नव्हते. ती डाव्या हाताने जीव तोडून काहीतरी सांगत होती. आणि चित्र थिजले. तिची बोटे हवेत तशीच राहिली; डॉक्टरांचा आवाज तेवढा येत होता.

"ताई, काय म्हणतेय ती?" डॉक्टरांनी विचारले. "बाळाचे ठोके मंदावलेत. भूल द्यायला हवी."

"थांबा, मला पूर्ण दिसलं नाही." आई पडद्याजवळ वाकली. "'नको' म्हणतेय. पण काय नको, ते कळत नाही."

संगणक खाली न्यायचा तर बंद करावा लागला असता, आणि फोन तोडायची तिची छाती होईना.

"अहो, ती केबल!" ती ओरडली.

बाबांनी माझे वेष्टन सोलले. आत्याने आठही तारा चिमटीत धरून सरळ केल्या. बाबांनी त्या टोकाला बसणाऱ्या कनेक्टरमध्ये सरकवल्या, पक्कड दाबली आणि मला संगणकात खोचले. पण जोडणीजवळचा छोटा दिवा लागला नाही.

मित्रांनो, त्या क्षणी मला स्वतःचीच लाज वाटली. इतका प्रवास करून मी मुकीच निघाले होते.

"दादा, रंग बघ," आत्या म्हणाली.

बाबांनी डोळ्यांजवळ धरून पाहिले. "हात्तिच्या! हिरवी तार पांढऱ्या-हिरवीला चिकटवली मी. मधे निळी जोडी यायला हवी होती."

कट्! माझे टोक जमिनीवर पडले. पुन्हा सोलणे, पुन्हा जुळवणे. बाबांच्या हातून तारा निसटू लागल्या, तेव्हा आत्याने त्यांच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. "घाई नको. एकेक रंग मोठ्याने म्हण."

पक्कड पुन्हा दाबली गेली. या खेपेस दिवा लुकलुकला आणि त्या बाईची बोटे माझ्यातून धावू लागली.

"ते भुलीचं इंजेक्शन नको म्हणतेय!" आई जवळजवळ किंचाळली. "मागच्या वेळी ते दिल्यावर हिचा श्वास बंद पडला होता!"

पलीकडे धावपळ उडाली. सुई बाजूला झाली आणि दुसरे औषध आले. मग बराच वेळ पडद्यावर नुसतेच छत दिसत राहिले. आई खुर्चीच्या कडेला बसून होती. अखेर बाळाचे रडणे ऐकू आले, आणि आई हुंदका देऊन हसली. बाळाच्या आईला ते रडणे ऐकू येत नव्हते. म्हणून आईने दोन्ही हात उंच करून तिला खुणेने सांगितले, 'मुलगी रडतेय, जोरात!'

पुढे बरीच वर्षे माझे कौतुक झाले. मग मी सवयीची झाले. कपाट सरकवताना त्याचा पाय माझ्यावर आला. कुणी झाडताना मला हिसडा दिला. चित्र अडखळू लागले की सगळे संगणकालाच बोल लावत. एकदा आत्यानेच वाकून पाहिले आणि मला त्या पायाखालून सोडवले. तोवर माझी एक तार कायमची दुखावली होती.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. एवढेच सांगते, की केबल उपसायची असेल तर तिची मान धरून ओढू नका, कनेक्टरची कळ दाबून हलकेच काढा. आणि त्याआधी घरात हाक मारून विचारा, "कुणी बोलतंय का?" उत्तर येईपर्यंत जरा थांबा.