उपरण्याखाली राक्षस

अश्विनीचा खेळ कुणी शेवटपर्यंत खेळला असेल तर शपथ! नारायणगावच्या एस.टी. स्टँडमागं तिचं छोटं दुकान होतं. तिथं लग्नपत्रिका छापायच्या, अर्ज टाईप करायचे आणि पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा. एका मासिकाबरोबर खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरची सीडी फुकट आली, आणि बाई बसली की खपत. दोन वर्षं! बैल ठिपक्याठिपक्यानं काढला, मराठी अक्षरं पडद्यावर नीट उमटेनात तर एकेक अक्षर चित्रासारखं रंगवलं. खेळाचं नाव 'हरवलेला खोंड'. आपण बोरी बुद्रुकचा गडी व्हायचं, गावोगाव हिंडून माणसांशी बोलायचं, वस्तू जमवायच्या, बेल्ह्याच्या बाजारात बैल घेऊन गाडी जुंपायची, आणे घाट गाठायचा आणि गुहेतल्या राक्षसाला मारून गावाचा पळवलेला खोंड परत आणायचा. झालं.

पुण्याच्या एका हौशी मंडळानं २००३ साली घरगुती खेळांची स्पर्धा ठेवली, तेव्हा अश्विनीला वाटलं, आता आपलं काम कुणीतरी बघेल. पण सीडीबरोबर एक कागद भरून पाठवायचा होता. खेळ पुरा केलेल्या परक्या माणसाचा अभिप्राय, गुण आणि दोष, खाली सही. शनिवारच्या टपालात कागद पडला नाही तर सीडी कुणी उघडूनही बघणार नव्हतं.

क्लासची पोरं दहा मिनिटं खेळायची आणि मोटारींच्या शर्यतीकडं पळायची. शेजारच्या टेलरिंगवाल्या स्नेहाचा खेळातला गडी कुकडी नदीत अर्धा बुडून अडकला तो अडकलाच.

"दे गं, मी करते सही. कुणाला कळतंय?" स्नेहा म्हणाली.

"मला कळतंय ना!" अश्विनी फणकारली. खोटी सही लावून पाठवायचं, तर दोन वर्षं डोळे फोडले कशाला?

मंगळवारी गेणभाऊ आले. बेल्ह्याच्या बाजारातले जुने हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायची होती. प्रिंटर रुसला होता, म्हणून अश्विनीनं त्यांना चहा दिला आणि सहज खेळासमोर बसवलं. बाणांची बटणं दाखवली. गेणभाऊंनी चष्मा पुसला.

"बैल कुणी काढला?"

"मी."

"शिंगं झ्याक हायेत. वशिंडबी बराबर बसलंय." अश्विनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात ते थबकले. "आता ह्या घरात शिरायचं?"

"हो. धोंडाबाईच्या रांजणात कंदील आहे, तो घ्यायचा."

"तिला इचारायचं न्हाई?"

"गेणभाऊ, खेळ आहे हो. अशा खेळांत असंच असतं."

"असंल. पन बाई चुलीपाशी बसलीय, आन मी चपला घालून आत जाऊन रांजनात हात घालतोय! ती पानी का इचारत न्हाई? कुन्या गावचं पावणं म्हनून तरी इचार म्हनावं!"

अश्विनीच्या कपाळाला आठी पडली. पण मनातून तिलाही हसू आलं. दोन वर्षांत असं तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

कसाबसा कंदील घेऊन गेणभाऊंचा गडी बेल्ह्याच्या बाजारात पोचला. बैलवाल्यापुढं उभा राहिला, तर बैलवाल्यानं पडद्यावर ठळक अक्षरांत भाव सांगितला. गेणभाऊंनी बटणावरचा हात उचलला.

"हे काय?"

"भाव. 'घेतला' म्हणा आणि पुढं चला."

"चारचौघांत, उघड्यावर?" म्हातारा खुर्चीतून उठलाच. "पोरी, चाळीस वर्षं झाली, उपरण्याखाली बोटं दाबूनच सौदा केलाय मी. कुनाचा बैल कितीला गेला हे बाजाराला कळलं तर बैलवाल्याची अब्रू काय राह्यली? न्हाई, असला सौदा मी करनार न्हाई."

आणि गेले की! खेळ तसाच, चहा अर्धा.

अश्विनीला असा राग आला म्हणता! मेलं उपरणं! पण संध्याकाळी शटर ओढताना राग उतरला आणि उरली नुसती चुटपुट, कारण म्हाताऱ्याचं खरं होतं. ती स्वतः बेल्ह्याजवळची. आजोबांच्या खांद्यावरून तिनं ती उपरण्याखालची बोटं लहानपणी पाहिली होती. मग आपल्याच खेळात ती विसरली कशी?

बुधवार, गुरुवार तिनं क्लासला सुट्टी दिली. बैलवाल्यासमोर एक बटण दाबलं की दोन हात पुढं येतील, वर उपरणं पडेल, बाणांनी बोटं दाबायची, समोरचा मान हलवेल नाहीतर हात काढून घेईल. बाजारातल्या माणसांना तेवढं लावायचं होतं. घाईत तिनं प्रोग्रामचा तो तुकडा उचलला आणि एकेका माणसाला चिकटवत सुटली.

शनिवारी दुपारी गेणभाऊ पत्रिका न्यायला आले, बरोबर बाजारातले दोघं दोस्त. "बसा," अश्विनी म्हणाली. तिनं खुर्ची ओढली, चहा पुढं ठेवला. "उपरणं आणलंय." चारला लाईट जायची, ते ठरलेलं. खेळ मधेच साठवून ठेवायची सोय तिनं केलेली नव्हती. लाईट गेली की पुन्हा बोरीपासून सुरुवात, आणि पाचला टपाल निघणार.

बाजारात उपरणं पडलं आणि गेणभाऊ असे हसले, की स्नेहा शिलाई सोडून बघायला आली. "दाब, दाब मधलं बोट!" दोस्त ओरडले. तीन बैल बघून चौथा घेतला. अश्विनीचा जीव घड्याळात. साडेतीन. आणखी दोन बैल उगाच बघितले. पावणेचार.

"गेणभाऊ, चला ना घाटात!"

"थांब गं, बैल काय रोज घेतो का?"

शेवटी गाडी घाट चढली. गुहेत राक्षस उभा, मागं बांधलेला खोंड. तलवार कशी चालवायची ते अश्विनी सांगत होती, पण गेणभाऊंचं बोट आपल्या सवयीनं सौद्याच्या बटणावर पडलं.

राक्षसानं हात पुढं केला. वर उपरणं पडलं.

"अगं बाई!" अश्विनीनं तोंडावर हात घेतला. चिकटवण्याच्या नादात तिनं ते राक्षसालाही चिकटवलं होतं! नुसतं उपरणं नाही, बैलवाल्याचं बोलणंसुद्धा. राक्षस पडद्यावर म्हणाला, "घरचा बैल हाय पावणं. जीव तुटतोय इकायला, पन दारात चारा न्हाई."

दुकानात असा हशा पिकला, की रस्त्यावरची माणसं डोकावली. एक दोस्त तर टेबलावर पडूनच हसला. अश्विनी मात्र लाजेनं लालबुंद. "चूक झाली हो ती! मागं या, तलवार उचला, वेळ जातोय..."

"गप," गेणभाऊ म्हणाले. ते एकटेच हसत नव्हते. "त्यो इकायला तयार हाय, आन मी मारू त्याला?"

त्यांनी बोट दाबलं. राक्षसानं हात काढून घेतला. पुन्हा हात, पुन्हा उपरणं. चारला तीन मिनिटं. दोन. दोस्तांचं हसू थांबलं, सगळे पडद्याकडं बघायला लागले. गेणभाऊंनी डोळे मिटून आणखी एक बोट दाबलं. राक्षसानं मान हलवली आणि कासरा पुढं केला. खोंड हातात आला की खेळ संपायचा, हे तिनंच ठरवलेलं. पडद्यावर बोरीचं देऊळ उजळलं, खोंड वेशीतून आत आला आणि तिनं रंगवलेली अक्षरं पहिल्यांदाच परक्या माणसासमोर उमटली: 'खोंड घरी आला.' स्नेहानं टाळ्या पिटल्या.

आणि लाईट गेली.

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसतही होती. तिनं दारातल्या उजेडात कागद पुढं केला. "दोष सगळे लिहा हं. राक्षसाचा आधी लिहा."

गेणभाऊंनी पेन धरलं. दोषांचा रकाना भरला, उलटून मागची बाजूही अर्धी भरली. धोंडाबाई पाणी विचारत नाही. गडी चपला काढत नाही. नदीतून गेला तरी धोतर कोरडंच. बैलाचे दात बघता येत नाहीत, न बघता कोण घेईल? शिडीवर चढला की गड्याचं डोकंच दिसेनासं होतं. अश्विनी वाचत गेली आणि तिचा चेहरा बारीक होत गेला. राक्षस कुठंच नव्हता.

"राक्षस राहिला," ती म्हणाली.

गेणभाऊंनी कागद फिरवून समोर धरला. गुणांच्या रकान्यात बाजाराच्या पावतीवरच्यासारखं ठसठशीत अक्षर होतं, सही करून झालेली होती:

'राक्षसाला मारायला निघालो होतो. बोलून पाहिलं तर आपल्यातलाच निघाला. चहा दोनदा गार झाला, कळलं नाही.'

सकाळीच भरून ठेवलेली सीडी घेऊन ती पोस्टात पळतच गेली. पाकीट चिकटवण्याआधी तिनं तो अभिप्राय पुन्हा एकदा वाचला, आणि राक्षस तसाच ठेवायचा हे पक्कं केलं.