फोनचा रकाना

माणसाच्या हातात फॉर्म दिला की तो फॉर्म भरत नाही, कैफियत लिहितो. शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सहा वर्षं बसून मी एवढंच शिकलो. शिक्षण विचारलं की लिहिणार, 'दहावी पास, बारावीला इंग्रजी राहिलंय, मार्चला परत बसणार आहे.' पत्ता विचारला की 'मळ्यात, विहिरीच्या अलीकडे.' अरे बाबांनो, एवढ्याशा चौकोनात किती कोंबाल? डोकं उठायचं माझं.

२००२ सालची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर रांजणगावच्या एका कंपनीला वायरी जोडायच्या लाइनीवर दहावी पास बायका हव्या होत्या. सहाशे फॉर्म आले. ते कॉम्प्युटरमध्ये भरून यादी द्यायचं काम आमच्या क्लासला मिळालं, म्हणजे मालक मच्छिंद्र सरांना मिळालं, म्हणजे शेवटी माझ्या गळ्यात पडलं. मी संपत. शिकवायचं, प्रिंटरात अडकलेला कागद काढायचा आणि सगळ्यांची बोलणी खायची, ही माझी नोकरी.

मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, लिहिली. ती चालवली की पडद्यावर डायलॉग बॉक्स उघडायचा, त्यात पाच रकाने आणि खाली ओके, कॅन्सल. दिसायला सोपं. पण रकाना नुसता काढून भागत नाही, त्याला शिस्त लावावी लागते. त्यात किती अक्षरं मावतील, नुसते आकडे चालतील की काहीही चालेल, रिकामा सोडला तर पुढे जाऊ द्यायचं का, उघडताना त्यात आधीच काय लिहिलेलं असेल, हे सगळं ठरवून द्यावं लागतं. तालुक्याच्या रकान्यात मी आधीच 'शिरूर' टाकून ठेवलं, निम्मं टायपिंग वाचलं. नाव रिकामं सोडलं तर ओके दाबलंच जायचं नाही. चार रकाने तासाभरात मार्गी लागले.

पाचवा फोनचा. त्यानं जीव खाल्ला.

तेव्हा घरात फोन असलेली माणसं मोजकी. बाकीच्यांचा नंबर म्हणजे शेजाऱ्याचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानाचा. त्याला पी.पी. नंबर म्हणायचे. फोन दुकानात यायचा, दुकानदार घरी निरोप धाडायचा, आणि माणूस धावत येऊन रिसीव्हर कानाला लावायचा. त्यामुळे नंबरच्या पुढे लोक लिहायचे, 'पी.पी. किराणा दुकान, आबांना निरोप द्यावा', 'सातनंतर करणे', 'ज्योतिबाची आई म्हणून सांगणे, लगेच कळेल'. आमची टायपिस्ट बुशरा हे सगळं इमानदारीत टाइप करायची, आणि छापलेली यादी कागदाच्या बाहेर पळायची. पहिली यादी कंपनीच्या क्लार्कनं परत पाठवली. नंबरच्या जागी नंबर पाहिजे, निबंध नको, म्हणाला.

'संपत, ह्याचा बंदोबस्त कर,' मच्छिंद्र सर म्हणाले.

मी आधी फोनच्या शेजारी 'शेरा' म्हणून सहावा रकाना काढला. सर म्हणाले, कंपनीच्या तक्त्यात शेरा नाही, काढून टाक. काढून टाकला. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं, सकाळपासून दोनशे फॉर्म झाले होते. मग फोनच्या रकान्याला मी आकड्यांचीच परवानगी दिली, तेही फक्त अकरा. अक्षर दाबलं की कॉम्प्युटर टुंग करायचा आणि काही उमटायचं नाही.

'सर, पुढं निरोप लिहिलाय, तो घेत नाही हे,' बुशरा म्हणाली.

'जेवढं घेतंय तेवढं टाक,' मी म्हणालो.

हे वाक्य माझं आहे. ते दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

त्या सहाशेतली एक बाई मला चेहऱ्यासकट आठवते, कारण तिचा फॉर्म माझ्याच टेबलावर भरला गेला. दौंड तालुक्यातल्या भांडगावहून दोन गाड्या बदलून आली होती, बोटाला धरून सहा वर्षांची मुलगी. सर्टिफिकेटवर नाव होतं साधना हौसराव ठोंबरे.

'हे माहेरचं,' ती म्हणाली. 'सासरी गिता ठिवलंय. गावात समदी गिताच म्हनत्यात.'

लग्नात बाईचं नाव बदलायचं आणि कागद मात्र जुन्या नावाचे ठेवायचे, ही आपली रीतच. मी म्हणालो, कंपनीला सर्टिफिकेटवरचंच नाव लागतं. तिनं ते लिहिलं. फोनच्या रकान्यात इनुसभाईंच्या पंक्चरच्या दुकानाचा नंबर लिहिला आणि त्यापुढे बारीक अक्षरात, 'कुशाबाईंची सून गिता हिला निरोप द्यावा.' वळणदार अक्षर होतं तिचं.

'फोन कवा येईल?' तिनं विचारलं.

'निवडलं तर दिवाळीनंतरच्या सोमवारी.'

'नक्की ना? मंगळवारी आमची मेंढरं निघायची हाईत.'

मग तिनं सांगितलं ते असं. भावकीतली बाकी सगळी शेतीत स्थिरावली, पण तिच्या नवऱ्यानं मेंढरं सोडली नव्हती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि उन्हाळा सरत आला की परतायचं. बरोबर बाई लागते, भाकरी कोण थापणार? सासू, कुशाबाई, हिच्या बाजूनं उभी राहिली होती. सोमवारपर्यंत फोन आला तर तू रहा, नोकरी कर, दिवसा पोरीला मी बघते. नाही आला तर नवऱ्याबरोबर जा.

'मी गेले तर ही माझ्याबिगर ऱ्हायची न्हाई, माझ्यामागंच येती,' ती मुलीकडे बघत म्हणाली. 'औंदा पहिलीत घातलीय. बाई म्हनत्यात, पोरगी हुशार हाय. सा म्हयने मेंढरामागं गेली की कसली शाळा?'

मुलगी भिंतीवरच्या कीबोर्डच्या चित्रातली अक्षरं बोटानं मोजत होती. मी म्हणालो, दहावीला बासष्ट टक्के आहेत, काळजी करू नका. दिवसभरात मी एवढं एकच धड वाक्य बोललो असेन.

दिवाळी झाली. कंपनीनं बेचाळीस नावं निवडली आणि सोमवारी फोन लावले. गुरुवारी सकाळी आमच्याकडे एक कागद आला, बेचाळीसपैकी नऊजणींशी संपर्क होत नाही. आज संध्याकाळी पाचपर्यंत स्वतः येऊन सही केली नाही तर त्यांची जागा पुढच्या नावाला. मी क्लार्कला फोन केला, एक दिवस वाढवून द्या म्हणालो. तो म्हणाला, उद्या सकाळी ट्रेनिंग सुरू आहे, पाच म्हणजे पाच.

मी नावं वाचत गेलो. सातवं नाव साधना हौसराव ठोंबरे.

फॉर्मचं पोतं अजून माळ्यावर होतं. बुशरानं आणि मी ते खाली ओतलं. नऊच्या नऊ जणींचे नंबर पी.पी., आणि प्रत्येक नंबरपुढे बाईनं नीट लिहिलेलं, कुणाला काय म्हणून सांगायचं ते. ते सगळं माझ्या रकान्यानं कापलं होतं. कंपनीनं दुकानात फोन करून सर्टिफिकेटवरचं नाव विचारलं असणार, आणि दुकानदारानं सांगितलं असणार, अशी कुणी इथं नाही. सासरच्या गावात कुणाला माहीत असतं सुनेचं माहेरचं नाव?

बुशरानं फोन हातात घेतला. 'मामा, ज्योतिबाच्या आईला बोलवा,' एवढंच म्हणायचं, की पलीकडून लगेच, 'थांबा, हाक मारतो.' दोन तासांत आठजणी सापडल्या. आठवीला फोनवर रडू आलं. बुशरा माझ्याकडे बघून हसली, मला हसू येईना. इनुसभाईंच्या दुकानात घंटी वाजत होती, उचलत कुणी नव्हतं.

'मी जाऊन येतो,' मी सरांना म्हणालो.

'एका बाईसाठी? आठ झाल्या ना?'

चप्पल घातली आणि निघालो.

शिरूरहून चौफुल्याची गाडी म्हणजे हाडं खिळखिळी. न्हावऱ्याला दहा मिनिटं उभी राहिली, ड्रायव्हर चहा पिऊन आला. मी मनात हिशोब मांडत होतो. दीडला भांडगाव, दोनला ती तयार, एखादी जीप ठरवायची, पाचच्या आत रांजणगाव. होतंय. मेंढरं मंगळवारी निघायची होती हे मला आठवत होतं. पण आपल्याकडे कुठलं निघणं ठरल्या दिवशी झालंय, असं मी स्वतःला समजावत होतो. एखादं मेंढरू आजारी पडलं असेल, पाहुणा आला असेल, काहीतरी झालं असेल.

इनुसभाईंचं दुकान हमरस्त्यालाच होतं. पन्नाशीचा माणूस, ट्रकचं चाक खोलत बसला होता. फोन टेबलावर झाकून ठेवलेला.

'मंगळवारपास्नं बंद हाय,' ते म्हणाले. 'रस्ता खंदताना केबल तोडली.'

'सोमवारी कंपनीतून फोन आला होता का?'

'आला व्हता की. कुठनं ते बोलला न्हाई, साधना ठोंबरे कोन हाय म्हनून इचारत व्हता. मी म्हनलं, न्हाई बाबा हितं आसं कुनी. ठोंबऱ्याचं एक बी घर न्हाई आमच्या गावात.'

'कुशाबाईंची सून,' मी म्हणालो. 'गिता. तिचं माहेरचं नाव ते.'

त्यांच्या हातातला पाना थांबला. पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले, शटर अर्धं ओढलं आणि माझ्या पुढे चालायला लागले.

कुशाबाई ओट्यावर बाजरी पाखडत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. अंगणात जिथं मेंढरं बसत तिथं लेंड्यांचा काळा थर होता आणि कुंपणाच्या जाळ्या काढून नेलेल्या होत्या. काय ते मला तिथंच कळलं, तरी गिता कुठंय म्हणून विचारलं.

'गेली की,' त्या म्हणाल्या. 'मंगळवारी, उजाडायच्या आत. पोरगी बी गेली. दप्तर घिऊन गेली, म्हनली, वाटंनं वाचीन.'

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिनं बरोबर लिहिलं होतं, ते कॉम्प्युटरमध्ये मीच घेऊ दिलं नाही, हेही सांगितलं. डायलॉग बॉक्स आणि रकाना कुशाबाईंना काय कळणार, पण मी कापलं, हे त्यांना नेमकं कळलं.

'म्हंजी तिची नोकरी लागली व्हती.'

'लागली होती. आज पाचपर्यंत आहे अजून.'

'गाडी काढतो,' इनुसभाई म्हणाले. 'कुठवर गेली आसतील?'

'भुलेश्वराचा डोंगर काल वलांडला आसंल. आज कुनाच्या वावरात बसल्यात, कोन सांगावं?' कुशाबाईंनी सूप खाली ठेवलं. 'आन् घावली, तरी पाचाला रांजणगाव गाठताय का?'

दोन वाजत आले होते. इनुसभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही जमणार. मी पायरीवर बसलो. एवढा थकवा मला सहाशे फॉर्म भरून आला नव्हता. स्वतःची लाज वाटली, आणि त्या क्लार्कचा, सरांचा, सगळ्यांचा राग आला, पण राग काढायला तिथं मी एकटाच होतो.

'सोमवारी कवा आलता फोन?' कुशाबाईंनी विचारलं.

इनुसभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

'अकराच्या सुमाराला,' ते म्हणाले. 'मावशी, ती तवा माझ्या दुकानातच व्हती. सकाळी सातपास्नं बाकड्यावर बसून. टायरला हवा मारायचं मशीन चालू व्हतं, तिला काय आयकू गेलं न्हाई. मी फोन ठिवला. तिनं मला इचारलं बी, माझा हाय का. मी म्हनलं, न्हाई गं, दुसरीच कुनीतरी हाय.'

कुशाबाईंनी सुपातली बाजरी हातानं सारखी केली.

'सांजच्याला घरी आली,' मग त्या म्हणाल्या. 'म्हनली, आत्या, न्हाई आला फोन. माझी मार्कंच कमी पडली आसतील. मी म्हनले, आसंल बाई, आता बांधाबांध कर.' त्यांनी पदरानं तोंड पुसलं. 'तिला हे सांगू नगा. कमी पडले, एवढंच ऱ्हाऊ द्या तिच्या मनात.'

'आन् तिनं इचारलं तर?' इनुसभाई म्हणाले. 'परत आली की आधी माझ्याकडंच येईल ती. माझ्या माघारी फोन आलता का म्हनून.'

'न्हाई म्हना.'

इनुसभाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

मला सांगायचं होतं, बाई, बासष्ट टक्के कमी नव्हते, ती कमी पडली नव्हती, तिला हे कळू द्या. ओठांवर आलं होतं. पण ते कळून ती त्या बाकड्यावरचा सोमवार जन्मभर आठवत बसली असती, आणि हलका झालो असतो तो फक्त मी. म्हणून मीही गप्प बसलो. कुशाबाईंनी आत जाऊन मला पाणी आणून दिलं, ते मी प्यायलो आणि चौफुल्याच्या गाडीसाठी रस्त्यावर येऊन उभा राहिलो.