मेणातला वाकडा दात

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तो काम करायचा ती लॅब होती. शहरभरचे डेंटिस्ट तोंडाची मापं पाठवायचे आणि लॅबमधली चार माणसं त्यावरून कवळ्या घडवायची. त्या कवळ्या ज्यांच्या तोंडात जायच्या, त्यांना मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं.

बावीस वर्षं हे काम, आणि त्यातूनच सवड काढून लिहिलेल्या दोन कादंबऱ्या. तिसरीचं घोडं मात्र दोन वर्षं अडलं होतं. त्याने सगळं खापर नोकरीवर फोडलं. "दिवसभर लोकांच्या दातांशी झटायचं, मग डोक्यात उरणार काय?" हे ऐकून ऐकून बायकोचे कान किटले, तेव्हा तीच म्हणाली, "घे एकदाची रजा. होऊन जाऊ दे."

त्याने दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. टेबल खिडकीशी ओढलं. पहिल्या आठवड्यात पुस्तकांचं कपाट आवरलं, दुसऱ्यात गळका नळ दुरुस्त केला, तिसऱ्यात सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. सहाव्या आठवड्यात बायको म्हणाली, "लग्नानंतर घर पहिल्यांदाच इतकं नीटनेटकं दिसतंय. कादंबरीचं काय?"

तो हसला खरा, पण आतून खचला होता. रजा संपायला आठ दिवस असतानाच तो कामावर हजर झाला. वितळलेल्या मेणाचा वास नाकात शिरला आणि त्याला चक्क बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एक बाई जिना चढून वर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या कवळीचं मेणातलं काम त्याच्याच हाताखाली चाललं होतं. मेणात सगळे दात बसवून झाले होते; आता ते तोंडात बसवून बघायला डेंटिस्टकडे जायचे होते. बाईंनी पिशवीतून एक जुना फोटो काढून टेबलावर ठेवला.

"हा दात पाहा," त्या म्हणाल्या. "समोरचा, डावीकडचा. शेजारच्यावर चढलेला आहे. मला तो तसाच हवाय. डॉक्टर म्हणाले, लॅबमध्ये जाऊन समजावा."

"बाई, लोक वाकडे दात सरळ करून घेतात."

"घेऊ देत. माझ्या नवऱ्याची स्मरणशक्ती गेलीय. दात होते तोवर अधूनमधून तरी ओळखायचा. सगळे काढले, तेव्हापासून विचारतो, ही कोण बाई?"

त्याने फोटो भिंगाखाली धरला. मेण गरम करून तो दात उचलला, जरा फिरवला, शेजारच्यावर टेकवला. बाई मान तिरकी करून बघत होत्या. "अजून थोडा पुढे," त्या म्हणाल्या. "हसले की आधी तोच दिसायचा." चौथ्या खेपेला त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून तो जेवणाच्या सुट्टीत लिहू लागला. दोन महिन्यांत जिथे एक पान झालं नव्हतं, तिथे तीन आठवड्यांत चाळीस पानं झाली. चाळिसाव्या पानावर नवरा तो वाकडा दात बघतो, बायकोला ओळखतो आणि दोघं रडतात.

बायकोने पानं एका बैठकीत वाचली. "छान आहे," ती म्हणाली. "त्या बाईंना विचारलंस?"

"नावं घातलेली नाहीत."

"दात तर घातलायस."

त्याने डेंटिस्टकडून बाईंना निरोप पाठवला. बाईंनी रविवारी घरी बोलावलं. नवरा आतल्या खोलीत झोपला होता. बाईंनी चष्मा लावला आणि वह्या तपासाव्यात तशी चाळीसच्या चाळीस पानं वाचून काढली. तो परीक्षेला बसल्यासारखा समोर.

"असं झालं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याने मला ओळखलं नाही."

तो ओशाळला. "माफ करा, बाई."

"पुढचं ऐका तरी. दात बघून तो हसला. म्हणाला, तुमच्यासारखाच दात माझ्या बायकोचा होता. आणि मग मलाच माझ्याबद्दल सांगायला लागला. तेव्हापासून रोज सांगतो. पन्नास वर्षांत जे तोंडावर कधी बोलला नाही, ते सगळं."

"काय सांगतात?"

बाईंनी पानं जुळवून त्याच्या हातात दिली. "गोष्ट लिहा, माझी हरकत नाही. पण तो काय सांगतो ते माझं आहे, ते मी कुणाला देणार नाही. तुमच्या पुस्तकातला नवरा काय बोलेल ते तुमचं तुम्ही शोधा."

तो घरी आला आणि पुन्हा अडकला. लॅबमध्ये हात चालायचे, डोकं एकाच प्रश्नाशी थांबलेलं. अनोळखी बाईला आपण आपल्या बायकोबद्दल काय सांगू? सुरुवातीला जे सुचलं ते कुणाच्याही बायकोला लागू पडलं असतं. त्याने ते सगळं फाडून टाकलं.

मग एका दुपारी, कुणाचीतरी कवळी घासता घासता, त्याला एक जुना दिवस आठवला. पहिलं हस्तलिखित साभार परत आलं होतं. बायकोने सांत्वनाचा एक शब्दही काढला नव्हता. ती मटारची पिशवी घेऊन शेजारी बसली आणि दोघांनी मिळून सगळे मटार सोलले. संपले तेव्हा ती खाली जाऊन आणखी घेऊन आली. घरात तेवढ्या मटारांची काहीच गरज नव्हती. हे त्याला तेव्हाच कळलं होतं, पण त्याने ते तिला कधी सांगितलं नव्हतं. मशीन बंद करून त्याने तिथेच, पाठकोऱ्या कागदावर, ते लिहून काढलं.

ते प्रकरण बायकोने उभ्याउभ्याच वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचलं.

"तुझ्या लक्षात होतं हे?"

"हो."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलास?"

"आता लिहिलंय ना."

"लिहिलंयस," ती म्हणाली. "आता तोंडाने सांग."

मग त्याला ते सांगावं लागलं. अडखळत, लिहिलं होतं त्याहून कितीतरी वाईट शब्दांत.

कादंबरी पुढच्या वर्षी आली. नोकरी त्याने सोडली नाही आणि तिच्या नावाने बोटं मोडायचंही बंद केलं. पहिली प्रत त्याने बाईंना पाठवली. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं ठळक:

"तुमच्या पुस्तकातला नवरा छान बोलतो. माझा याहून छान बोलायचा."

त्या 'बोलायचा'वर त्याची नजर अडली. त्याने पत्र बायकोच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि चपला घालायला घेतल्या. त्याच संध्याकाळी दोघं बाईंकडे जाऊन आले.