दिव्याखालून गेलेले दाणे

बायको गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मी कामावरचा जांभळा दिवा पिशवीत घालून घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड चादर लावली. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, भर दुपारी हे काय?"

"डबे बघतोय."

"बघा. मग माझाही डबा बघा, ऑफिसला न्यायचाय." ती हसायला गेली, पण जमलं नाही.

कशासाठी बघतोय ते तिला ठाऊक होतं. माझ्या बायकोचं यकृत गेलं. आयुष्यात दारूचा थेंब नाही, साधी कावीळ नाही. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी शेंगदाणे, मका असं काही रोज खाण्यात असतं का? बुरशीचं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृतावर असा परिणाम होऊ शकतो. तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही." डॉक्टर बोलून पुढच्या पेशंटकडे गेले. मी तिथेच राहिलो. कारण ते विष शोधणं हेच माझं काम आहे.

शेंगदाण्याच्या गोदामात, माल उतरतो त्या खोलीत, मी बावीस वर्षं बसतो. ट्रक आला की पोत्यांत पोकळ सळई खुपसून दोन किलो दाणे काढायचे, फोडायचे आणि काळ्या खोक्यात दिव्याखाली पसरायचे. बुरशी लागलेला दाणा त्या उजेडात चमकतो, कधी निळसर, कधी हिरवट पिवळा. असे किती दाणे निघतात त्यावर ट्रक आत घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरतं. गोदामात मला सगळे दिवेवाले म्हणतात.

तर हिला ते विष कोणी खाऊ घातलं, एवढं मला कळायला हवं होतं. आणि माझा संशय एकाच माणसावर होता. माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ. त्याचं किराणा दुकान आहे. दर महिन्याला तो ताईसाठी म्हणून शेंगदाण्यांची पिशवी पाठवायचा. ही दवाखान्यात होती तेव्हा रोज यायचा, पण शेवटी शेवटी माझ्या नजरेला नजर देईना. आणि ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी आला, आमचं कपाट उघडलं, आपल्या पिशव्या काढल्या आणि घेऊन गेला. कोणाला काही बोलला नाही. बहीण गेलेला माणूस शेंगदाणे कशाला परत नेईल?

दिव्याखाली डाळी बघितल्या, पिठं बघितली, मिरच्या बघितल्या. काही निघालं नाही. खालच्या फळीवर स्टीलचा डबा होता, त्यात शेंगदाणे होते. पण ते मीच कामावरून आणलेले. ते काय बघायचे? डबा परत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दिवा घेऊन दुकान गाठलं.

दुपारी एक ते चार त्याचं दुकान बंद असतं. तो मागच्या खोलीत जेवत होता.

"या भावजी. ताट वाढू?"

"नको. दाण्यांची पोती कुठायत?"

त्याने माझ्या हातातला दिवा बघितला आणि घास खाली ठेवला. "अच्छा. म्हणजे तुम्हाला असं वाटतंय."

"पोती दाखव."

त्याने हात धुतले, शटर पूर्ण खाली ओढलं, दिवे बंद केले. मी जांभळा दिवा लावला. पहिलं पोतं वरपासून खालपर्यंत निळं पांढरं चमकत होतं.

"हे बघ! हे काय आहे मग?"

"पोतं."

"मस्करी करू नकोस!"

"भावजी, जरा स्वतःकडे बघा."

मी खाली बघितलं. माझा सदरा पोत्यापेक्षा जास्त चमकत होता. मेव्हण्याचा बनियन चमकत होता, खुंटीवरचा टॉवेल चमकत होता. कपड्यांच्या पावडरीत ते पांढरं करणारं औषध असतं, ते या दिव्याखाली असंच दिसतं. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आणि खोक्याजवळ धुतलेलं फडकंसुद्धा येऊ देत नाही.

"पोती आम्ही धुऊन परत वापरतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणी अशी चूक केली असती तर तुम्ही त्याला चार माणसांत सोलून काढलं असतं."

मी ऐकणार नव्हतो. मला वाटलं, याला उत्तर तयार होतं, म्हणजे याने आधी विचार करून ठेवलाय. चार पोत्यांतून मूठ मूठ दाणे मी कागदात बांधून घेतले. त्याने अडवलं नाही. फक्त म्हणाला, "घ्या. पण नुसते माझेच नका तपासू."

तेही मला चोराच्या बोलण्यासारखंच वाटलं.

गोदामाच्या वरच्या मजल्यावर लॅब आहे. तिथल्या बाईंना आम्ही मीटरबाई म्हणतो. त्या दाणे दळतात, औषधात घालून घुसळतात, गाळतात आणि ते पाणी बारीक नळीतून सोडतात. नळीत विष तेवढं अडकतं, बाकी सगळं वाहून जातं. मग अडकलेलं सोडवून मशीनमध्ये घालतात, आणि ते किती चमकतं त्यावरून मशीन आकडा सांगतं. हे वेळखाऊ काम, म्हणून दहातला एकच ट्रक त्यांच्याकडे जातो. बाकी नऊ माझ्या दिव्यावर.

"हे कुठल्या ट्रकचं, दिवेवाले?"

"घरचं आहे."

त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. "मग घरात दुसरे काही दाणे असतील तर तेही आणा. एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो."

मी स्टीलच्या डब्यातलेही नेले. ताडून बघायला चांगला माल असावा, एवढ्याच विचाराने.

गुरुवारी त्यांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. दुकानातल्या दाण्यांत जवळजवळ काहीच नव्हतं. डब्यातल्या दाण्यांत विष सरकारी मर्यादेच्या चौपट होतं.

"तुमच्याकडून नमुने बदलले," मी म्हणालो.

"नाही बदलले. मी दोनदा केलं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. डबा कुठला आहे?"

डबा इथलाच होता. आमच्याकडे तपासणी झाली की नमुन्यातले उरलेले दाणे फेकत नाहीत. पाळीपाळीने घरी नेतात. माझी पाळी दर शुक्रवारी. बावीस वर्षं मी चमकणारे दाणे चिमट्याने वेचून फेकले आणि उरलेले हिच्या हातात दिले.

"पण ते दिव्याखालून गेलेले होते," मी म्हणालो.

"दिव्याला वरचं दिसतं हो, आतलं नाही दिसत. आणि प्रत्येक विषारी दाणा चमकतोच असं नाही. दिवा ट्रकबद्दल अंदाज सांगतो. मुठीतल्या दाण्यांची हमी देत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि हा एक डबा आहे, या महिन्याचा. वहिनींनी दहा वर्षांपूर्वी काय खाल्लं ते यावरून कोणी सांगू शकत नाही. मीही नाही, डॉक्टरही नाही."

मला बरं वाटावं म्हणून त्या हे म्हणाल्या की खरं म्हणून, ते मला ओळखता आलं नाही.

संध्याकाळी तसाच दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत मेव्हण्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं. आकडे सांगितले, शुक्रवारची पाळी सांगितली.

त्याने वजनाचा काटा बाजूला सरकवला.

"त्या दिवशी मी पिशव्या परत नेल्या ना," तो म्हणाला, "त्या तीन होत्या. तिन्ही न फोडलेल्या. दवाखान्यात ताई मला म्हणाली होती, तू पाठवतोस ते तसेच पडलेत, वाया जातील, घेऊन जा. मी चिडलो. म्हटलं, माझे दाणे तुला एवढे नकोसे झाले? तर म्हणाली, तुझे टपोरे असतात रे, पण ह्यांचे तपासलेले असतात."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो? तेव्हा मला त्यात काही वाईट दिसलं नव्हतं. फक्त राग आला होता." मग त्याने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "भावजी, एक विचारू? दिव्याला सगळं दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मीटरबाईंनी सांगितलेलं मला नवीन नव्हतं. कामावर लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगितलं होतं, भिंतीवरच्या तक्त्यावरही कुठेतरी लिहिलेलं आहे. फक्त ट्रकसाठी आहे असं समजून मी ते सोडून दिलं होतं. घर आणि ट्रक मी कधी एकत्र धरले नाहीत.

"ठाऊक होतं," मी म्हणालो. "पण लक्षात नव्हतं."

त्याला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मला पटलं नसतं.

"पोरगी त्याच डब्यातलं खाते?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तिला फोन लावला. "हां, मामा बोलतोय. घरात शेंगदाण्याचा डबा आहे ना स्टीलचा, त्याला हात लावू नकोस. सांगतो नंतर. आणि उद्या सकाळी उपाशीपोटी राहा, रक्त तपासायचंय. तुझं आणि बाबांचं." तिने काही विचारलं असावं. "नाही, बाबा नाही, मी घेऊन जाईन," तो म्हणाला. "हो. मीच येतोय."