दिवा आहे तोवर

पालुकूनं वात चिमटीत धरून वर ओढली आणि वाटीत पामतेल ओतलं. लाल काचेमागची ज्योत तडतडली, मग स्थिर झाली. देवळाच्या दारात त्याची बायको कहिंदो डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती.

"तेल घालून झालं असेल तर निघायचं बघ," ती म्हणाली. "का मी एकटीच जाऊ?"

"बाहेर अख्खं गाव बसलंय. त्यांना टाकून कसा येऊ?"

"गाव तुझ्या या दिव्यासाठी बसलंय. आणि दिवा कशापुढे जळतोय ते तुलाही ठाऊक आहे, मलाही."

पालुकूनं तेलाची बाटली उगाचच पुन्हा पुसली.

ईस्टरनंतर फादर शहरात गेले, मागोमाग कोयतेवाल्या टोळ्यांनी रस्ता बंद केला, आणि ते गेले ते गेलेच. जाताना मिस्साच्या उपासनेत पवित्र केलेल्या भाकरीच्या चकत्या वेदीमागच्या पेटीत ठेवून गेले. त्या पवित्र करायचा अधिकार फक्त फादरांचा. पालुकू धर्मशिक्षक, त्यानं दर रविवारी त्या वाटायच्या, एवढंच. पेटीत भाकर आहे म्हणजे प्रभू घरात आहे, आणि प्रभू घरात आहे तोवर लाल दिवा जळणार. पेटी रिकामी झाली की दिवा विझवायचा. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

पालुकूनं चकत्यांचे तुकडे केले, तुकड्यांचे कण केले. शेवटी तर नखावर मावेल एवढंच एकेकाच्या जिभेवर ठेवू लागला. मग एका रविवारी तेही संपलं. दिवा विझवायला त्यानं हात पुढे केला होता. पण बाहेर बाया गात होत्या, टाळ्या वाजवत होत्या, आणि त्याचा धीर झाला नाही. पुढच्या रविवारी त्यानं सांगून टाकलं, "उरलेलं आता मरणाऱ्यांसाठी राखून ठेवू." लोकांनी मान डोलावली. मास्तर खोटं बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं! देवाशप्पथ, त्याला वाटलं होतं तेवढीच आशा राहील बिचाऱ्यांना.

बाहेर गलका वाढला तसा तो दाराशी आला. नदीपलीकडच्या गावचा कसेरेका आपली लाकडी ढकलगाडी घेऊन आला होता. गाडीवर एक पातेलं आणि झोपलेली मुलगी, बाकी काही नाही.

"आमच्याकडं काही राहिलं नाही," तो सांगत होता. "कोयतेवाले पहाटे आले. आता कोकोच्या बागांतून इकडंच यायला लागलेत. उठा की! बसलाय काय लग्नाला बसल्यासारखे?"

सगळ्यांनी कवीराआजीकडे पाहिलं. तिचे गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते, तरी ती भिंतीला टेकून ताठ बसली होती.

"देव आत बसलाय," ती म्हणाली, "आणि त्याला एकट्याला टाकून आम्ही पळायचं?"

"आजी, देव येईल की मागून. त्याचे गुडघे तुझ्यासारखे नाहीत."

"जीभ आवर, मेल्या! ज्याला जायचं त्यानं जावं."

कुणीतरी हसलं. पण कुणीच उठलं नाही. एका बाईनं तर शांतपणे भाजीचा पाला निवडायला घेतला. ही माणसं आपल्या शब्दावर इथं बसून मरणार, हे पालुकूला आज पहिल्यांदा नीट कळलं.

"सगळे आत या," तो म्हणाला. "आजीला धरून आणा."

त्यानं वेदीमागच्या पेटीची किल्ली फिरवली आणि दार सताड उघडलं. आत पांढरं फडकं होतं. ते त्यानं बाहेर काढून सर्वांसमोर झटकलं. काही पडलं नाही.

"केव्हाच संपलंय," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक नुसते बाहेर पडले. थोड्या वेळानं भांड्यांचे, कोंबड्यांचे, पोरांना हाका मारल्याचे आवाज येऊ लागले. कहिंदोही त्यांच्याबरोबर निघाली, एकदा वळून बघून.

आजी बाकावर तशीच बसून होती.

"केव्हा संपलं?"

"पेंटेकॉस्टच्या सणाआधी."

तिनं बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाली, "माझ्या म्बुसाला बागेत मारलं ते त्यानंतर."

"हो."

"तो रोज पाठीस लागायचा, आई चल, तुला पाठीवर नेतो. मी म्हणायची, दिवा आहे तोवर नाही. मला सोडून जाईना. म्हणून राहिला."

पालुकू गुडघ्यांवर बसला. माफी कुठल्या तोंडानं मागायची?

"आता खाली काय बसतोस?" ती म्हणाली. "दिवा विझव. तेल सांडू नकोस, वाटेत लागेल. आणि पाठ इकडं कर. मला चालवत नाही."

त्यानं तिला पाठीवर घेतलं. एवढी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. पुढे गेलेल्या लोकांची धूळ अजून खाली बसली नव्हती. गाव मागे पडल्यावर तिनं गळ्यातली जपमाळ ओढून काढली आणि त्याच्या कानाशी 'नमो मरिया' म्हणायला सुरुवात केली. अर्धी प्रार्थना म्हणून ती थांबली. उरलेली अर्धी, मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर म्हणणारी, दुसऱ्यानं म्हणायची असते.

पालुकू चालत राहिला. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही.

आजीनं वाट पाहिली. मग मणी न सरकवता तिनं तीच प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा सुरू केली.