काकूंचा लाल रंग

चिनी मातीच्या कामात बाईंनी मोठं नाव कमावलं होतं. त्यांच्या थाळ्यांवरचा गडद लाल रंग लांबूनही ओळखू यायचा. आता संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि माहितीपुस्तिकेचा मजकूर मंजुरीसाठी घरी आला होता. जेवता जेवता लेकीनं तो मोठ्यानं वाचायला घेतला.

"हा लाल रंग म्हणजे त्यांच्या आजोबांच्या प्रदीर्घ साधनेचा वारसा..."

बाईंच्या म्हाताऱ्या काकू पलंगावर सूप पीत बसल्या होत्या, त्यांना हसताना ठसकाच लागला. "अगं, माझे सासरे ना? त्यांना लाल आणि हिरवा वेगळा कळायचाच नाही. टोमॅटो पिकलाय का हेसुद्धा मला विचारायचे!"

सगळे पोट धरून हसले. बाईही हसल्या, आणि मग मान खाली घालून जेवत राहिल्या. कारण त्यांना हे ठाऊक होतं.

भांड्यावर चढवायची तांबं घातलेली झिलई मोठी लहरी असते. भट्टीत हवा खेळती राहिली तर भांडं हिरवं निघतं, नेमक्या वेळी हवा कोंडली तर लाल. आजोबांसारखी भांडी घडवणारा दुसरा नव्हता, यात वाद नाही. पण भट्टीच्या भोकाला डोळा लावून "आता बंद करा" म्हणायच्या त्या काकू. चाळीस वर्षं! बाईंनाही त्यांनीच शिकवलं होतं. पहिल्या मुलाखतीत बाई 'घराण्याचा वारसा' म्हणून गेल्या, ते भारदस्त वाटलं. 'काकूंनी शिकवलं' हे फारच घरगुती वाटलं असतं. पुढे तेच तोंडात बसलं.

हात धुऊन बाई पलंगाशी येऊन बसल्या. "काकू, माझं चुकलंच."

"मला मिरवायचं नाही गं या वयात. पण ही पोर उद्या विचारेल, आपल्या घरातल्या बायका काय करायच्या? तर लोक सांगतील, चिखल कालवायच्या. घराणं घराणं म्हणता, पण घराण्याला काय डोळे असतात? भट्टीत बघायला कोणीतरी माणूसच लागतं ना?"

"उद्घाटनाच्या भाषणात सांगते. तुम्हाला पुढच्या रांगेत बसवून, सगळ्यांसमोर."

"तोवर कशाला? फोन समोरच आहे. मजकूर अजून छापलेला नाही."

बाईंनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. वीस वर्षांच्या मुलाखती खोट्या पडतील, संग्रहालयातले लोक काय म्हणतील, असं बरंच काही मनात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मजकूर होता तसाच मंजूर करून टाकला. भाषणात सांगणारच होत्या ना!

उद्घाटनाला अकरा दिवस उरले असताना काकू गेल्या. साधा ताप आल्याचं निमित्त झालं.

बाईंनी भाषणात सगळं सांगितलं. आजोबांचे डोळे, काकूंचे डोळे, स्वतःचा खोटेपणा, काही लपवलं नाही. बोलताना त्यांना रडू आवरेना. सभागृह उभं राहिलं आणि कितीतरी वेळ टाळ्या वाजत राहिल्या. "एवढं कबूल करायला मन मोठं लागतं," असं म्हणत माणसं बाईंचे हात हातात घेत होती. टेबलावर पुस्तिकांचा गठ्ठा होता आणि त्यात आजोबांचाच वारसा छापलेला होता.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "आई, आजच्या टाळ्यासुद्धा तुलाच मिळाल्या गं."



वाचकहो, परंपरा, वारसा हे शब्द आपण फार सहज वापरतो. त्यामागे बहुतेक वेळा एखादं जितंजागतं माणूस असतं आणि पुष्कळदा ते आपल्याच घरातल्या आतल्या खोलीत बसलेलं असतं. त्याचं श्रेय ते ऐकू शकतंय तोवरच द्या. त्याला सभा लागत नाही, हार लागत नाहीत. एक फोन पुरतो. बाईंनी तो केला नाही, आणि आता केला तरी ऐकून हसायला काकू नाहीत.