कळमेश्वरचा बूस्टर

"आलं का जी?" देवराव छपरावरून ओरडले.

"आलं होतं, गेलं!" खोलीतून भैय्याजींचा आवाज आला. "मुंग्याच मुंग्या दिसून राहिल्या."

मे महिना. पाच वाजून गेले तरी पायाखालचं टिन तापलेलं होतं. नागपुरातल्या इतवारीहून कळमेश्वरपर्यंत एसटीत उभ्यानं आलेलं अंग दुखत होतं, आणि तासाभरात रविवारचा पिक्चर पाहायला अर्धी आळी भैय्याजींच्या घरी येणार होती. एवढं सगळं असून देवराव मनातून खूश होते. कारण हा अँटेना, त्याच्या दांडीवरचा, लांबचं चित्र साफ करणारा बूस्टर आणि घरात उतरलेली चपटी वायर, सगळं मनोहरनं बसवलेलं होतं आणि ते बिघडलं होतं.

मनोहर आठ वर्षं देवरावांच्या रेडिओच्या दुकानात काम शिकला. नागपुरात टीव्ही आला तसं त्यानं धरमपेठेत स्वतःचं दुकान टाकलं, काचेच्या दाराचं. देवराव एकदाच त्या रस्त्यानं गेले होते, तेही पलीकडच्या बाजूनं. आत पाच टीव्ही ओळीनं चालू होते. घरी येऊन ते बायकोला, कौसल्याला म्हणाले, "चार दिवसाचं फॅड आहे."

"मग तुमचं तोंड काहून उतरलं?" तिनं विचारलं होतं.

त्या दिवसापासून देवराव मनोहरवर जळत होते. इतवारीत कोणी नुसतं "मनोहर टीव्हीवाला" म्हटलं तरी त्यांचा चहा कडू व्हायचा. आज मनोहर एका लग्नासाठी अमरावतीला गेलेला, म्हणून भैय्याजींच्या बायकोच्या, सिंधूताईंच्या भावानं इतवारीत देवरावांना गाठलं. देवरावांनी अर्धा शब्द ऐकला आणि पिशवी उचलली.

पण चूक काही सापडेना. खाली बूस्टरला वीज देणाऱ्या डबीतला दिवा नीट पेटत होता. टीव्हीत खोट नव्हती. बूस्टर हलका असेल म्हणून त्यांनी वर येऊन तो उघडून पाहिला, तर माल चांगला. अँटेनाचं तोंड बरोबर नागपूरकडे. स्क्रू घट्ट, दांडीला तीन बाजूंनी ताण. असं नेटकं काम बघून देवरावांचा जीव आणखीच जळला.

मग त्यांनी वायर धरली आणि दांडीपासून हातहातभर हलवत निघाले.

"आता?"

"हाये."

"आता?"

"हाये, हाये."

छपराच्या कडेशी वायरला एक जोड होता. त्याला बोट लागलं मात्र, खालून भैय्याजी म्हणाले, "गेलं."

"सापडलं!" देवराव एवढ्या मोठ्यानं बोलले, की खाली शिडी धरून उभ्या असलेल्या सिंधूताईंनी मान वर केली. "कच्चं काम आहे ताई. काचेचं दार लावलं म्हनून हात पक्का होत नाही."

"असं कसं जी?" सिंधूताई म्हणाल्या. "मनोहरनं तर बजावून सांगतलं होतं. म्हने, बाकी काहीबी खोला, पन हा जोड कोनाले सोडू देऊ नका. माह्या गुरूनं शिकवलेला जोड हाये, हा सुटत नाही. मागं इथला एक मेकॅनिक तोडाले निघाला, तर मीच नाही म्हनलं त्याले."

देवरावांनी जोड उन्हाकडे धरला. शिवणाचा दोरा, तीन वेढे इकडून, तीन तिकडून. असा जोड द्यायची रीत त्यांनी स्वतःच काढली आणि मनोहरला शिकवली होती, कौसल्याच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन आणि वर मेणबत्ती वितळवून. रेडिओच्या पेटीत, घरातल्या भिंतीवर तो वीस वीस वर्षं टिकायचा. त्यांच्या पिशवीत त्यासाठी मेणबत्ती असायची, आजही होती. इथे टिनावर मेण केव्हाच वाहून गेलं होतं. नुसता दोरा उरला होता आणि आतली तार हिरवी पडली होती.

बाकी सगळं नव्या पद्धतीनं करणाऱ्या मनोहरनं एवढी एकच गोष्ट जुन्या गुरूची ठेवली होती, आणि नेमकी तीच बिघडली होती. देवरावांना लाज वाटली. हेवाही वाटला, पण आता त्याच्या मनाचा. आपल्याला इतकं कोणाचं धरून ठेवता आलं असतं का, ते त्यांना सांगता येईना.

त्यांनी जोड तोडला, तार पात्यानं घासली, सिंधूताईंच्या स्टोव्हवर सळई तापवून आणली आणि कथलाचा डाग दिला. वरून काळी टेप गुंडाळली.

"आलं!" भैय्याजी ओरडले. "एकदम साफ!"

देवराव खाली उतरले तेव्हा माणसं जमायला लागली होती. सिंधूताईंनी चहा आणून दिला.

"उद्या मनोहर येऊन राहिला. त्याले सांगू का, काम कच्चं होतं म्हनून?"

इतकी वर्षं देवराव हेच कोणीतरी म्हणावं म्हणून थांबले होते. त्यांच्या मुठीत तो दोरा अजून होता.

"त्याचं काम पक्कं आहे," ते म्हणाले. "मघाशी मी न पाहता बोललो. त्याले म्हना, गुरूचा जोड कच्चा निघाला. टिनावर मेन टिकत नाही."

"तुम्ही ओळखता का जी त्याच्या गुरूले?"

"इतवारीत बसते. रेडिओच दुरुस्त करते अजून."

आत पिक्चर सुरू झाला होता आणि सगळी आळी टीव्हीकडे तोंड करून बसली होती. सिंधूताईंनी थांबायचा आग्रह केला, पण देवरावांना साडेसहाची एसटी गाठायची होती. निघताना त्यांनी पिशवीत हात घातला आणि मेणबत्ती काढून ओट्यावर ठेवली.

"राहू द्या," ते म्हणाले. "लाइन गेली की कामी येते."